उंदरांची पेटी

उंदीर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो गणपती बाप्पाचे वाहन आहे. पण कणगीतले धान्य खातो म्हणून तो शेतकऱ्याचा शत्रूही आहे. उंदरीण तीन आठवड्यांत पिल्ले देते. मग सगळे जग उंदरांनी का भरत नाही? कारण साप, घुबड, मांजर त्यांना खातात. काही रोगाने मरतात. गर्दी झाली की काही दुसरीकडे पळतात.

हे सगळे बंद केले तर? अमेरिकेत मेरीलँड राज्यात जॉन कॅलहून या शास्त्रज्ञाने ते करून पाहिले. गुरुजींनी आम्हाला ही माहिती सांगितली.

१९६८ साली त्यांनी एका मोठ्या पेटीत पांढऱ्या उंदरांच्या ४ जोड्या सोडल्या. आत २५६ घरटी होती. अन्नपाणी हवे तेवढे. मांजर नाही, रोग नाही. फक्त बाहेर जायला वाट नव्हती.

पिल्ले झाली. दर ५५ दिवसांनी उंदीर दुप्पट होऊ लागले. मी पाटीवर हिशेब केला. ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८. आठच वेळा दुप्पट केली की दोन हजार होतात! पण ६२० झाल्यावर वाढ मंदावली. ५६० व्या दिवशी २२०० उंदीर झाले आणि वाढ थांबली. जागा तर ३८४० उंदरांची होती, अन्नही संपले नव्हते.

मग झाले काय? चांगल्या जागा मोठ्या उंदरांनी धरल्या होत्या. तरुण उंदीर मधोमध गोळा होऊन बसत आणि एकमेकांना चावत. आया पिल्लांना तोंडात धरून नेताना वाटेतच टाकून देत. काही उंदीर भांडत नसत नि जोडीही करत नसत. नुसते खायचे, झोपायचे आणि अंग चाटायचे.

६०० व्या दिवसानंतर एकही पिल्लू जगले नाही. जून १९७२ मध्ये १२२ उंदीर उरले. गर्दी कमी झाली, तरी ते पुन्हा वाढले नाहीत. कॅलहून म्हणतात, त्यांना लहानपणी आईची माया नीट मिळालीच नव्हती, म्हणून पिल्लू कसे वाढवायचे हे त्यांना ठाऊकच नव्हते.

माणूस म्हणजे काही उंदीर नव्हे. आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं आहेत, तरी सगळे गोडीने राहतात. पण मला एक गोष्ट पटली. नुसते पोट भरून भागत नाही. लहानांना जवळ घेणारं कुणीतरी लागतं.

— इयत्ता ४ थी