कॉलऱ्याचे विष आणि विसूचिकेतील लंघन

पावसाळा सुरू झाला, की पाताळगंगेच्या खोऱ्यातील वाड्यांतून रसायनी-मोहोपाडा परिसरात द्रवमलप्रवृत्तीचे रुग्ण येऊ लागतात. घरच्यांनी 'लंघन' म्हणून रुग्णाचे पाणीही तोडलेले असते, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. एकाची नाडी तर मनगटाशी लागत नव्हती. त्यास शिरेतून सलाइन देण्यासाठी तातडीने रुग्णालयात पाठवावे लागले.

ग्रंथोक्त विसूचिका म्हणजे केवळ कॉलरा नव्हे. पण कॉलरा हे तिचे उग्र रूप मानण्यास हरकत नसावी. त्याचे जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाहीत. पृष्ठभागास चिकटून विष सोडतात. जंतू गाळून काढलेल्या द्रवातही हे विष असते, हे कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखविले. विषाचे पाच 'बी' घटक पेशीवरील जीएम-१ या मेदयुक्त रेणूस धरतात. 'ए' घटकाचा तुकडा आत शिरून जी-प्रथिनास एडीपी-रायबोज जोडतो. एरवी हे प्रथिन क्षणभर चालू होऊन आपोआप बंद होते. आता ते बंदच होत नाही. परिणामी पेशीत चक्रीय एएमपी साचते, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्यात ओतले जाते. तीव्र अवस्थेत हे प्रमाण तासाला एक लिटरपर्यंत जाते.

मात्र ग्लुकोज व सोडियम यांना एकत्र आत नेणारे वाहक प्रथिन या विषाने बिघडत नाही. जीवनजल म्हणजेच ओआरएस त्याच वाटेने शोषले जाते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याचा वापर केला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांखाली आले.

चरकाचार्यांनी विमानस्थानात विसूचिकेत प्रथम लंघन आणि नंतर विरेचनानंतरचा, म्हणजे पेयादि क्रम सांगितला आहे. आमच्या मते हे लंघन अन्नाचे, पाण्याचे नव्हे. संहिताकारांस वाहक प्रथिन ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु तांदळाच्या पेजेतील पिष्टापासून ग्लुकोजच तयार होते. पुडी हाताशी येईपर्यंत किंचित मीठ घातलेली पातळ पेज द्यावी; चव अश्रूंहून खारट नसावी. पुडी मात्र उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच विरघळवावी, पेल्यात नव्हे.

अहिफेनयुक्त स्तंभक कल्प येथे टाळावेत. त्यांनी आतड्याची गती थांबते, स्राव थांबत नाही. मल दिसेनासा होतो आणि पाणी पोटातच साठत राहते. मूत्र बंद, डोळे खोल, नाडी क्षीण अशी अवस्था दिसताच औषधयोजनेचा विचार करीत न बसता सलाइनची सोय गाठावी. रुग्ण गिळू शकत असेल तर वाटेतही ओआरएस चालू ठेवावे.