पागा, गोठा आणि विमा : बारामती-इंदापूर परिसराचा विचार

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत जनावरांचा विमा उतरविण्याची प्रथा आता बरीच रुजली आहे. कर्जावर घेतलेल्या संकरित गाईच्या कानात बिल्ला असतो, बँकेच्या कागदपत्रांत विमापत्राची प्रत असते आणि गाय दगावल्यास काय करावयाचे हेही पशुपालकास ठाऊक असते. परंतु ती गाय ज्या छपराखाली उभी राहते त्या छपराचा विमा आहे काय, असे विचारल्यास पुष्कळ ठिकाणी एकच उत्तर मिळते : “विमा आहे की!” हा विमा जनावराचा असतो, इमारतीचा नसतो. वाऱ्याने पत्रे उडाले आणि जनावरे सुखरूप राहिली, तर जनावराच्या विम्यातून एक पैसाही मिळत नाही. हा भेद वेळीच ध्यानात न आल्यामुळे होणारे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

घोडे पाळणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड आहे. भीमेच्या थडीवरचा हा मुलूख एकेकाळी घोड्यांसाठी प्रसिद्ध होता. जुन्या पुणे जिल्ह्यात भीमथडी या नावाचा तालुकाच होता आणि मराठ्यांच्या फौजेत येथील काटक, बुटक्या घोड्यांना मान होता. पुढे या जातीकडे दुर्लक्ष झाले. तिला टिकवून धरले ते मुख्यतः मेंढपाळ धनगरांनी. पावसाळ्यानंतर मेंढरे घेऊन चराईसाठी बाहेर पडणारी कुटुंबे आपले बिऱ्हाड आजही याच घोड्यांच्या पाठीवर लादतात. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 2023 मध्ये भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. तेव्हापासून या घोड्याची जोपासना करण्याकडे पशुपालकांचे लक्ष वेधले गेले आहे. अकलूजचा घोडेबाजार नीरेच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर आहे. तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवर बेलवाडी व इंदापूर येथे अश्वांची रिंगणे होतात, तर काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते. घोड्याचे या भूमीशी नाते किती जुने आहे हे त्यावरून दिसून येईल. मात्र ज्याने दोन-चार घोड्यांसाठी पागा बांधली त्याच्यापुढे विम्याचा नेमका कोणता कागद ठेवावा, हे पुष्कळदा गावपातळीवरील कर्मचाऱ्यासही सांगता येत नाही.

या भागातील संकटांचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यांत छपराचा खरा शत्रू वळवाचा वारा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर उठणारी वावटळ लोखंडी कैच्यांवर नुसते अडकवलेले पत्रे उचलून शेजारच्या उसात नेऊन टाकते. दुसरे संकट पाण्याचे. सप्टेंबर 2019 मध्ये कऱ्हा नदीला मोठा पूर आला. ऑक्टोबर 2020 मधील अतिवृष्टीने इंदापूर व बारामती या दोन्ही तालुक्यांत हानी केली. मे 2025 च्या अखेरीस, मोसमी पाऊस नुकताच येऊन ठेपला असताना, नीरा डावा कालवा फुटला आणि दोन्ही तालुक्यांत बचाव पथके पाठवावी लागली. तिसरे संकट आगीचे. कडब्याची गंजी गोठ्याला लागून रचलेली असते, विजेची तार उघडी असते, आणि एक ठिणगी पुरेशी होते.

अशा वेळी शासकीय मदत मिळते हे खरे, परंतु तिचे प्रमाण लक्षात घ्यावे. 2022-23 ते 2025-26 या कालावधीसाठी केंद्र शासनाने ठरविलेल्या आपत्ती साहाय्याच्या निकषांनुसार घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी 3,000 रुपये देय होते. दुभत्या गाई-म्हशीसाठी 37,500 रुपये, घोड्यासाठी 32,000 रुपये आणि तट्टासाठी 20,000 रुपये अशी रक्कम होती. (भीमथडी घोडा अंगाने लहान असल्यामुळे पंचनाम्यात तो तट्टू म्हणून लिहिला गेला तर मालकाचे 12,000 रुपयांचे नुकसान होते. जातीची नोंद झालेली असल्याने त्याची घोडा म्हणूनच नोंद व्हावी, हे उचित होय.) याउलट, राज्य शासनाने 2021 मध्ये शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेखाली रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्यासाठी 77,188 रुपये खर्च गृहीत धरला होता. 3,000 आणि 77,188 या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते भरून काढणे हेच विम्याचे काम आहे. आपत्ती साहाय्य तातडीची गरज भागविण्यासाठी असते. नुकसान भरून देणे हा त्याचा हेतूच नव्हे.

कोणता विमा घ्यावा?

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने आगीच्या व तत्सम संकटांच्या विम्यासाठी तीन ठरावीक नमुन्यांची विमापत्रे सर्व साधारण विमा कंपन्यांना लागू केली. राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि 5 ते 50 कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. गोठा अथवा पागा ही व्यवसायाची इमारत असल्यामुळे सामान्य पशुपालकाने यांपैकी दुसऱ्या विमापत्राची चौकशी करावी. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ व पूर ही संकटे त्यात मुळातच अंतर्भूत आहेत. ती वेगळी मागावी लागत नाहीत. इमारतीबरोबरच कडबाकुट्टी यंत्र, दूध काढण्याचे यंत्र आणि साठविलेली वैरण यांचाही त्यात समावेश करता येतो. घराच्या विम्यात गोठा आपोआप येतो, या समजुतीवर मात्र विसंबू नये. विमापत्र राहत्या घराचे असते आणि जनावरांची इमारत वेगळी नमूद करून घ्यावी लागते.

हप्ता दर हजारी ठरतो. समजा, दर हजारी दीड रुपया दर असेल, तर चार लाखांच्या पागेचा वर्षाचा हप्ता 600 रुपये होतो व त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. प्रत्यक्ष दर कंपनीगणिक व बांधकामागणिक बदलतो, म्हणून किमान तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवावेत. बांधकामाचा प्रकार येथे फार महत्त्वाचा ठरतो. गवत, पाचट, बांबू, ताडपत्री वा कापड यांच्या भिंती किंवा छप्पर असलेल्या इमारतीस विम्याच्या परिभाषेत ‘कच्चे बांधकाम’ म्हणतात आणि त्याचा दर चढा असतो. पुष्कळदा कंपनी असा प्रस्ताव स्वीकारीतच नाही. उसाच्या पट्ट्यात पाचटाचे छप्पर स्वस्तात पडते, पण विम्याच्या दृष्टीने ते महाग आहे.

विम्याची रक्कम कमी दाखवून हप्ता वाचविण्याचा मोह टाळावा. आज बांधावयास चार लाख लागतील अशा पागेचा दोन लाखांचा विमा उतरविला आणि वादळात एक लाखाचे नुकसान झाले, तर कंपनी त्या प्रमाणात म्हणजे निम्मेच, पन्नास हजार रुपये देते. सूक्ष्म उद्यम विमापत्रात 15 टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते, त्याहून अधिक नाही. प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम विमेदाराने स्वतः सोसावयाची असते, तीही आधी विचारून घ्यावी.

दोन अटींकडे या भागातील लोकांनी विशेष लक्ष दिले पाहिजे. इमारत 30 दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिल्यास संरक्षण थांबते, अशी अट आगविम्यात पूर्वापार आहे. चराईसाठी जे कुटुंब दिवाळीच्या सुमारास घर सोडून जाते त्याची गावाकडची पागा महिनोन्महिने ओस असते. त्यांनी जाण्यापूर्वी कंपनीची लेखी संमती घ्यावी. दुसरी अट वैरणीविषयी आहे. ओलसर वैरण रचल्यास ती आतल्या आत तापून पेटते. जुन्या आगविम्यात अशी आग वगळलेली असे, म्हणून नव्या विमापत्रातील त्याबाबतचे कलम सही करण्यापूर्वी वाचावे.

बँकेच्या कर्जातून बांधलेल्या गोठ्याचा विमा बँक स्वतःच उतरविते आणि हप्ता कर्जखात्यावर टाकते. कर्ज फिटले की हा विमा पुढे चालू राहत नाही आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. कर्जफेडीचा दाखला घेताना विमापत्राची मुदत विचारण्याची सवय लावली, तर हे टळेल. दूध उत्पादक संस्थांनी आपल्या सभासदांची यादी करून एकाच कंपनीकडे एकत्रित प्रस्ताव पाठविल्यास दराबाबत बोलणी करणे सोपे जाते. एकट्या शेतकऱ्याच्या दोन-चार लाखांच्या विम्यासाठी कंपनीचा प्रतिनिधी गावापर्यंत येण्यास नाखूष असतो, हीच खरी अडचण आहे.

जनावरांचा विमा मात्र वेगळा आहे आणि तोही घ्यावा. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानाखालील विम्यात पशुपालकाचा वाटा हप्त्याच्या 15 टक्क्यांवर आणला. उरलेला हप्ता केंद्र व राज्य 60 : 40 या प्रमाणात उचलतात. घोडा, गाढव, खेचर या ओझ्याच्या जनावरांनाही ही योजना खुली आहे.

नुकसान झाल्यास पडझड उचलण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, कंपनीला त्वरित लेखी कळवावे आणि महसूल खात्याच्या पंचनाम्याची प्रत मिळवावी. आगीच्या घटनेत पोलीस ठाण्यातील नोंदही लागते. सर्वेक्षक येईपर्यंत जनावरांच्या निवाऱ्याची तात्पुरती सोय करण्यास हरकत नाही, परंतु मोडलेल्या कैच्या व पत्रे भंगारात देऊ नयेत. बांधकामाच्या पावत्या घरातील पेटीत न ठेवता त्यांची एक प्रत दूध संस्थेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवलेली बरी. दावा नाकारला गेला किंवा कमी रक्कम मंजूर झाली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय पुण्यातच आहे, तेथे शुल्क लागत नाही, वकिलाचीही आवश्यकता नाही, आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय त्यास देता येतो. कंपनीचे अंतिम उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत हा अर्ज दाखल करावा लागतो.