अपत्यप्राप्ती : जबाबदारी दोघांची



ताळेबंद व कार्यवृत्तान्ताच्या जोडीला आरोग्यविषयक एक लेख वार्षिक अहवालात द्यावा, ही आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा मानवी प्रजननसंस्था व गर्भधारणा हा विषय घेतला आहे. विषय नाजूक खरा. परंतु त्याविषयीच्या अज्ञानाची किंमत भोर-वेल्हे परिसरातील कित्येक सुना निमूटपणे मोजत आहेत, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे. मी वैद्यकाचा नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

या लेखाला एक प्रसंग कारण झाला. वेल्ह्याकडील एका गावातून एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन रुग्णालयात आल्या. लग्नाला चार वर्षे झाली होती, मूल नव्हते. सवलतीचा अर्ज भरण्यासाठी दोघी माझ्यासमोर बसल्या. सासूबाईंनी पिशवीतून निरनिराळ्या दवाखान्यांच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. "साहेब, हिच्यापायी एवढा खर्च झाला बघा. पण हिच्यातच काही नाही म्हटल्यावर काय करायचं?" सुनेने मान वर केली नाही. सवयीप्रमाणे मी पावत्या तारीखवार लावल्या, तेव्हा ध्यानात आले, की त्यांत मुलाच्या नावाची एकही पावती नव्हती. मुलगा शिरवळला कारखान्यात कामाला होता. "त्याला काय झालंय? धडधाकट आहे की," असे उत्तर मिळाले. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, एवढेच.

स्त्रीची प्रजननसंस्था

स्त्रीच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे गर्भाशय असते. ते उलट्या धरलेल्या पेरूच्या आकाराचे व सुमारे ७ ते ८ सेंटिमीटर लांबीचे असते. त्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून सुमारे १० सेंटिमीटर लांबीची एकेक गर्भनलिका निघते. नलिकेच्या टोकाला झालर असून तिच्याजवळ बदामाच्या आकाराचा बीजकोश असतो. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत सुमारे १० ते २० लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील ३ ते ४ लाख उरतात आणि उभ्या आयुष्यात जेमतेम ४०० ते ५०० पक्व होऊन बाहेर पडतात. हे भांडवल एकदाच मिळते, त्यात नवी भर पडत नाही. म्हणूनच वाढत्या वयाबरोबर गर्भधारणेची शक्यता कमी होत जाते.

साधारणतः पुढील पाळीच्या १४ दिवस आधी एक बीज पक्व होऊन बाहेर पडते. झालर त्याला नलिकेत ओढून घेते. हे बीज केवळ १२ ते २४ तास फलनक्षम राहते.

पुरुषाची प्रजननसंस्था

शुक्राणू वृषणांत तयार होतात. त्यासाठी शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी तापमान लागते, म्हणून निसर्गाने वृषण शरीराबाहेरील पिशवीत ठेवले आहेत. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेथून तो शुक्रवाहिनीने पुढे येतो आणि इतर ग्रंथींचे स्राव मिसळून वीर्य बनते. दर मिलिलिटर वीर्यात १ कोटी ६० लाख शुक्राणू ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली किमान संदर्भमर्यादा आहे. तीव्र ताप, तारुण्यात झालेले गालगुंड, वृषणाच्या शिरांना आलेली सूज, धूम्रपान, मद्यपान अशा कारणांनी ही संख्या किंवा शुक्राणूंची हालचाल घटू शकते. यातील कोणतीही गोष्ट पुरुषाच्या अंगकाठीवरून किंवा कष्टाच्या ताकदीवरून ओळखता येत नाही. धडधाकट शेतकऱ्याच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात आणि तो त्याच्या पौरुषाचा उणेपणा नव्हे.

फलन कसे होते

संबंधानंतर कोट्यवधी शुक्राणूंपैकी काही शेकडेच गर्भनलिकेपर्यंत पोहोचतात. स्त्रीच्या शरीरात ते पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. नलिकेच्या रुंद भागात स्त्रीबीजाची व शुक्राणूची गाठ पडते. एक शुक्राणू आत शिरताच बीजाच्या आवरणात असा बदल होतो, की इतरांना प्रवेश बंद होतो. स्त्रीबीजातील २३ व शुक्राणूतील २३ मिळून ४६ गुणसूत्रे होतात. आम्हा हिशेबनीसांच्या भाषेत ही दुहेरी नोंद आहे. एका बाजूची नोंद नसेल तर खाते जुळतच नाही. फलित बीज विभागत विभागत तीन-चार दिवसांत गर्भाशयात उतरते आणि फलनानंतर सुमारे आठवड्याने त्याच्या अस्तरात रुजते.

मुलगा की मुलगी, याचा निर्णयही याच क्षणी होतो. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्राणूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. हे लिंगनिश्चितीचे रहस्य अमेरिकेतील संशोधिका नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ साली एका किड्याच्या अभ्यासातून दाखवून दिले. तेव्हा मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणे शास्त्राला धरून नाही. आणि कोणता शुक्राणू पोहोचावा हे पतीच्याही हाती नसल्याने त्यालाही दोष देता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला.

अडथळे आणि तपासणी

मूल न होण्याची कारणे स्त्रीकडे असू शकतात : बीज वेळेवर पक्व न होणे, नलिका बंद असणे, आणि आपल्या देशात विशेष लक्षात ठेवण्याजोगे म्हणजे गर्भाशयाचा व नलिकांचा क्षयरोग. परंतु सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी एकाच वेळी तपासणी करावी. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच यावे. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, विनाशस्त्रक्रिया व कमी खर्चाची. ती सोडून स्त्रीच्या खर्चिक तपासण्यांपासून आरंभ करणे हिशेबालाही धरून नाही. अहवाल सदोष आल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात. एका अहवालावर निष्कर्ष काढीत नाहीत.

ही माहिती मराठीत सांगण्याची परंपरा जुनी आहे. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली व खटल्यांना तोंड द्यावे लागले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. या नावाने पुष्कळांचा गैरसमज होतो. मूल नळीत वाढत नाही. नलिकेत व्हावयाची बीजांची भेट तेवढी प्रयोगशाळेत घडवून आणतात, वाढ आईच्या गर्भाशयातच होते. तेथेही दोन्ही बीजे लागतातच. हा उपचार खर्चिक आहे व प्रत्येक वेळी यशस्वी होतोच असे नाही. तो घ्यावयाचा झाल्यास केंद्र २०२१ च्या कायद्यान्वये नोंदणीकृत आहे ना, याची खात्री करावी.

तोरण्यावरील मेंगाईला नवस बोलणाऱ्यांच्या श्रद्धेचा आम्हास आदर आहे. नवस जसा जोडीने फेडतात, तशी तपासणीही जोडीने करावी, एवढेच सांगणे.

आरंभी सांगितलेल्या कुटुंबातील मुलगा पुढे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला. अहवालात काय निघाले, ही त्या घराची खासगी बाब आहे. मात्र त्याच्या नावाची पहिली पावती त्या दिवशी फाटली आणि तिचे पैसे सासूबाईंनी स्वतः भरले, याची नोंद येथे करावीशी वाटते.

आपल्या सवलतीच्या अर्जात आजवर रुग्ण स्त्रीच्याच नावाचा रकाना होता. मूल होत नसल्याच्या तक्रारीसाठी तो अर्ज पती-पत्नी दोघांच्या नावे असावा आणि सवलत दोघांच्या तपासणीस लागू व्हावी, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे. देणगीदारांनी या कामी साहाय्य करावे. आणि वाचक माता-भगिनींनी घरी गेल्यावर 'वांझ' हा शब्द बोलण्यातून कायमचा वजा करावा, ही नम्र विनंती.



व्यवस्थापक