बाळ झोपलंय, मग तू का जागी?

आधी तो अळिवाचा लाडू संपव, मग वाच. रात्री तीन वाजता मोबाइलचा उजेड पाडून बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसतेस ना? अगं, नवजात बाळाचा श्वास आपल्यासारखा एका लयीत चालत नाही. पाच-दहा सेकंद थांबतो, मग भराभर चालतो, पुन्हा संथ होतो. वीस सेकंदांच्या वर थांबला किंवा ओठ निळे पडले, तर मात्र तडक दवाखाना. आणि दूध पुरतंय का, ही दुसरी धास्ती. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, म्हणजे पुरतंय. बघायला येणाऱ्या बायका 'हडकलंय गं बाळ' म्हणाल्या, तर ते मनावर घ्यायचं नाही.

खरं सांगू का, मला काळजी तुझी आहे. बाळंतपणानंतर उगाच रडू येतं, कारण गरोदरपणात वाढलेली हार्मोन्स दोन-तीन दिवसांत धाडकन उतरतात. ते रडू दोन आठवड्यांत ओसरतं. पण बघ, त्यानंतरही बाळ गाढ झोपलेलं असताना तुझा डोळा लागत नसेल, छाती धडधडत असेल, घास उतरत नसेल, तर 'पहिलटकरीण आहे, होतंच' म्हणून अंगावर काढू नकोस. हे आजारपण आहे आणि ते बरं होतं.

आणखी एक विचारते, लाजू नकोस. जिना उतरताना बाळ हातून सुटलं तर, आंघोळ घालताना निसटलं तर, असलं काहीबाही डोळ्यांसमोर येतं का? खूप जणींना येतं गं, पण सांगायला जीभ रेटत नाही. विचार आला म्हणजे तू तसं करशील, असं मुळीच नाही. त्यानं तुझ्या अंगावर काटा येतो, इतका तुझा जीव आहे त्याच्यात. पण कुणी नसताना आवाज ऐकू आले, झोपेची गरजच वाटेनाशी झाली, घरच्यांवर संशय यायला लागला किंवा जीव नकोसा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सव्वा महिन्याच्या तपासणीला टाक्यांबरोबर झोपेचंही सांग. डॉक्टरांकडे त्यासाठी दहा प्रश्नांची साधी चाचणी असते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, कारण थायरॉइड बिघडलं तरी अशीच धडधड होते. अंगावर पाजताना चालतील अशी औषधंही आहेत, ती घेतल्यानं तू वाईट आई ठरत नाहीस. आशाताई घरी येतील तेव्हा त्यांच्याशीही बोल.

आणि आज रात्रीपासून एक कर. दहाचं पाजणं झालं की बाळ नवऱ्याकडे. ढेकर काढणं, लंगोट बदलणं त्याला जमतं. तू दुसऱ्या खोलीत चार तास सलग आडवी हो. बोलायला कुणीच नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही चालू, आणि मराठीतून बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह कर बघू.