रोगाचे कारण आणि मंत्राचा गुण
(पारंपरिक वैद्यकाकडे पाहण्याची मानवशास्त्राची दृष्टी)

खेड्यात साप चावलेल्या माणसाला आजही कित्येकदा आधी मांत्रिकाकडे नेतात आणि मग दवाखान्यात. हा अडाणीपणा आहे असे म्हणून आपण सुशिक्षित लोक मोकळे होतो. परंतु तोच शेतकरी बियाणे निवडताना, बैलाचे दात पाहताना, आभाळ बघून पेरणीचा दिवस ठरवताना अतिशय चोख विचार करीत असतो. मग रोगाच्या वेळी त्याची बुद्धी कोठे जाते? मानवशास्त्राने या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे विचार केला आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी व कार्यकर्त्यांनी तो समजून घेतला, तर वस्तीत काम करताना त्याचा उपयोग होईल.

फ्रान्समधील लेव्ही-ब्रूल या विद्वानाने १९१० साली असे मांडले की, तथाकथित आदिम लोकांची विचारपद्धतीच निराळी असते. ती तर्काच्या अलीकडची असते. पुढे आयुष्याच्या शेवटी त्यांनी हे मत स्वतःच बरेच सैल केले. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे स्वतः डॉक्टर होते व निलगिरीतील तोडा जमातीवर त्यांचा ग्रंथ आहे. त्यांनी उलट दाखवून दिले की, रोगाचे कारण काय मानले आहे हे एकदा कळले, की उपचार त्यातून तर्काने निघालेला दिसतो. करणीने रोग झाला असे मानले तर करणी काढणे हाच सुसंगत उपाय ठरतो. म्हणजे तर्क शाबूत आहे. जे गृहीत धरले आहे ते तपासलेले नाही.

या विषयातील सर्वांत गाजलेला अभ्यास इव्हान्स-प्रिचर्ड यांचा. दक्षिण सुदानातील झांदे लोकांमध्ये राहून त्यांनी १९३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील धान्याच्या कोठाराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. उन्हाच्या वेळी माणसे कोठाराखाली सावलीत बसतात. एखाद्या दिवशी कोठार कोसळते आणि माणसे जखमी होतात. खांब वाळवीने पोखरले होते हे झांदे माणसालाही ठाऊक असते. त्याचा प्रश्न पुढचा असतो : नेमक्या याच घटकेला आणि नेमक्या याच माणसांवर ते का कोसळले? त्याचे उत्तर तो चेटूक असे देतो. आपल्याकडे ‘माझ्याच पोराला का?’ असे विचारणाऱ्या आईचा प्रश्न याहून वेगळा नसतो. डॉक्टर ‘कसे’ ते सांगतात; ‘मलाच का’ याचे उत्तर द्यायला भगत बसलेलाच असतो.

इव्हान्स-प्रिचर्ड यांचे आणखी एक निरीक्षण आहे. झांदे लोक मांत्रिकांवर आंधळा विश्वास ठेवीत नाहीत. अमका लबाड आहे, तमक्याला काही येत नाही, असे ते उघड बोलतात. पण त्या टीकेतून खरा मांत्रिक कोठेतरी आहे हा विश्वास अधिकच पक्का होतो. आपल्या गावातही हेच ऐकू येते : इथला देवऋषी भोंदू, पण पलीकडच्या गावचा मात्र खरा!

आता सर्पदंशाकडे वळू. महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, नानेटी, कवड्या, तस्कर असे नेहमी दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी पुष्कळजण बरे होतात. ते मंत्र न घालताही झाले असते. हे गावाने डोळ्यांनी पाहिलेले असते, त्यामुळे मंत्राला ‘गुण’ आहे हा अनुभव खोटा वाटत नाही. जो दगावतो त्याच्यासाठी कारणे तयार असतात : उशीर झाला, पथ्य मोडले, विटाळशीची सावली पडली. यश मंत्राच्या खात्यात आणि अपयश रोग्याच्या खात्यात, असा हा जमाखर्च आहे. मण्यारीचे तर विचारूच नये. ती बहुधा रात्री झोपेत चावते, वेदना व खूण फार थोडी असते. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात आणि घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. तेवढ्या वेळात प्रतिविषाची संधी निघून जाते. महाराष्ट्राने २०१३ साली केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्र-तंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे, तो याच कारणाने.

अलीकडचे काही मानवशास्त्रज्ञ म्हणतात की, आपण ‘त्यांची श्रद्धा’ आणि ‘आपले ज्ञान’ अशी भाषा वापरतो, हीच मुळात अन्यायाची आहे. बायरन गुड यांनी १९९४ च्या ग्रंथात हा मुद्दा नेटाने मांडला. तो नम्रपणा शिकण्यासारखा आहे. पण माझ्या मते आपल्याला तेथेच थांबता येत नाही, कारण त्या सुसंगत विचाराची किंमत कोणी मोजली हा प्रश्न आपल्या घरचा आहे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार न्यायचा, ही रीत घ्या. पटकी गावामागून गाव घेत चालते हे निरीक्षण बरोबर होते. पण गाडा ओढायला आणि देवीचा कोप अंगावर घ्यायला माणसे महार-मांगांचीच लागत. साथीची शीव सर्वांना दिसली. पाण्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आणि त्याच पाण्याला शिवायची ज्यांना बंदी होती, त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. विलायतेतही तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर दूषित हवेला दोष देत होते. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी घरोघर मृत्यू मोजले, तेव्हा बोट एका पंपाच्या पाण्याकडे वळले.

आपल्या परंपरेत या मोजणाऱ्या वृत्तीची बीजे आहेत. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग येतो. राजगृहाच्या वेळुवनात तो तथागतांना विचारतो की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळे, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? तथागत आठ कारणे सांगतात : पित्त, कफ, वात, तिहींचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, स्वतःची हयगय, बाहेरचा आघात आणि आठवे कर्मविपाक. सारे काही पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने मान्य केलेल्या सत्याच्या पलीकडे जातात, असा निर्वाळा ते देतात. पित्त-कफ-वाताची विभागणी आजच्या वैद्यकात टिकत नाही, हे उघड आहे. पण कारणे वेगवेगळी असतात आणि ती अनुभवाला ताडून पाहायची असतात, ही दृष्टी जुनी झालेली नाही. रोग हे गतजन्मीचे फळ म्हणणारा विचार आणि जात हे गतजन्मीचे फळ म्हणणारा विचार एकाच मुळाचे आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, त्याचे महत्त्व येथे कळते. विनयातील महावग्गात अमनुष्यबाधा झालेल्या भिक्खूला कच्चे मांस व रक्त घेण्याची मुभा दिल्याचीही नोंद आहे, ती लपवण्याचे कारण नाही. पण त्याच ग्रंथात तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे आहेत, आणि आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा करणारे तथागतही आहेत.

झाडपाल्याच्या ज्ञानाचे काय? सर्पगंधेचे उदाहरण घेऊ. या मुळीचे लोकांनी दोन गुण सांगितले होते : सर्पदंशावर उतारा आणि वेड लागलेल्याला शांत करणारे औषध. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर तिचा प्रयोग करून १९४९ साली निष्कर्ष छापले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि ते मानसिक आजारांतही वापरले गेले. सर्पदंशाचा गुण मात्र कसोटीला उतरला नाही. म्हणजे लोकांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक खरी निघाली, दुसरी नाही. नुसत्या आदराने किंवा नुसत्या तिरस्काराने हे कळले नसते.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेलात की वस्तीतील जुन्या सुइणी आणि जाणती माणसे यांच्याजवळ बसा व एक वही करा. औषधाचे नाव, कोणत्या दुखण्यावर, किती जणांना दिले, किती बरे झाले, किती नाही, असे रकाने आखा. पहिले चार रकाने लोक आनंदाने सांगतील. पाचव्यासाठी त्याच घरी दोन-तीनदा जावे लागेल.