मासे मरण्याआधी कळेल का?

प्रश्न : पंचगंगेत मासे तरंगू लागले की मगच प्रदूषण कळतं. नदीत सेन्सर बसवले तर आधी कळेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच अंशी हो. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, सामू, वाहकता आणि तापमान सेन्सर दर पंधरा मिनिटांनी मोजून रेडिओलहरींनी काठावरच्या यंत्राकडे पाठवू शकतात. शेवाळं रात्रभर ऑक्सिजन वापरतं, म्हणून तो पहाटे सर्वांत कमी असतो. दुपारी बाटलीत घेतलेल्या नमुन्यात हे दिसत नाही. ऑक्सिजन लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशांवर ताण येतो. मात्र सेन्सरवर शेवाळ बसून आकडे चुकतात, जंतूही मोजले जात नाहीत. त्यामुळे नियमित सफाई आणि प्रयोगशाळेतली तपासणी हवीच. देखभालीची तरतूद नसेल, तर सेन्सर बसवू नका.