कामाच्या ठिकाणीं पाण्याची काळजी

सोलापुरास उजनी धरणाचें पाणी मिळतें. तथापि शहरांतील पुष्कळ घरांत तें दररोज न येतां कांहीं दिवसांआड येत आलें आहे. म्हणून घरीं प्रत्येक घागर जपली जाते. मग घरीं घागर जपणारा मनुष्य सूत रंगविण्याच्या कारखान्यांत नळ वाहता कां सोडतो? मनुष्य कशामुळें काळजी घेऊं लागतो, हें आपण क्रमानें पाहूं.

१. भय. रंगाचें सांडपाणी शुद्ध न करतां नाल्यांत सोडण्यास सन १९७४ च्या कायद्यानें मनाई आहे. हें भय अवश्य असावें. परंतु तपासनीस गेला म्हणजे भयहि जातें.

२. लाभ. बक्षिसानें आरंभ लवकर होतो. तें थांबलें कीं जुनी संवय परतण्याचा संभव असतो. शिवाय ज्याची मजुरी नगावर ठरते, त्यास नळापर्यंत जाणेंहि नुकसानीचें वाटतें. अशास बोध करण्यापूर्वीं नळाची तोटी त्याच्या हाताशीं आहे कीं नाहीं, हें मुकादमानें पहावें.

३. सोबत्यांचा कित्ता. सोलापुरांत चादरींप्रमाणें टॉवेलहि विणतात, म्हणून टॉवेलाचाच एक दाखला घेऊं. अमेरिकेंतील एका हॉटेलांत गोल्डस्टीन व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं केलेला प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. पर्यावरणासाठीं टॉवेल पुन्हां वापरावा, अशी नुसती विनंति शेंकडा सुमारें ३५ पाहुण्यांनीं मानिली. बहुतेक पाहुणे तसें करतात असें ज्यांस कळविलें, त्यांपैकीं शेंकडा सुमारें ४४ जणांनीं मानिली. ते पाहुणे होते, कामगार नव्हते. पण मनुष्यस्वभाव तोच. मुकादमच नळ वाहता ठेवील, तर भिंतीवरील पाटी कोण वाचणार?

४. आपलेपणा. रंगविलेलें सूत पुन्हां पुन्हां धुवावें लागतें. शेवटच्या धुण्याचें पाणी बरेंच स्वच्छ असतें. रंग जुळत असल्यास तें पुढील सुताच्या पहिल्या धुण्यास चालतें. तें केव्हां चालेल हें हौदापाशीं उभा राहणारा चांगलें जाणतो. त्याचा सल्ला घेतला व अंमलांत आणिला, म्हणजे मालकाचें पाणी त्याचेंहि होतें.

आम्हांस वाटतें कीं, भय व लाभ ह्यांनीं आरंभ होतो, कित्त्यानें संवय लागते, परंतु ती टिकते आपलेपणानें. घरची घागर जपली जाते, ती आपली म्हणूनच.

विचाराकरितां प्रश्न: आपल्या गांवच्या शाळेंत किंवा दवाखान्यांत वाहता नळ कोण बंद करतो? इतर कां करीत नाहींत?